पाकीट, पास्ता आणि पात्रता

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे प्रश्न एकदम वाढलेत. कुणाचा मुलगा तिकडे बारावीत आहे आणि दोन-चार विद्यापीठांचे कोच घरी फोन करताहेत, कुणाचा भाचा शिकायला निघालाय. फुटबॉल म्हणजे इथे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. मी बरीच वर्षं तिकडच्या एका विद्यापीठाच्या कंप्लायन्स खात्यात काढली. खेळाडू नियमात बसतो का आणि त्याला कोण काय देतंय यावर नजर ठेवणारं हे खातं. आम्ही कँटीनमध्ये शिरलो की खेळाडूंच्या टेबलावरचा आवाज आपोआप उतरायचा. नियम करते ती एनसीएए, म्हणजे विद्यापीठांची 1906 पासूनची संघटना. आता पत्रं घेतो.

प्रश्न : रेजी बुशची हाइसमन ट्रॉफी गेली होती, ती 2024 मध्ये परत मिळाली असं वाचलं. मग त्याने केलं ते चूक होतं की नव्हतं? आणि आता सगळेच खेळाडू कमावतात, तर नियम उरलेत कशाला? (एक वाचक, पुणे)

बुश सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूएससीचा. 2005 सालची हाइसमन त्याला मिळाली. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हा मान. पुढे चौकशीत निघालं की तो कॉलेजात असतानाच काही लोक त्याच्यावर पैसा लावून बसले होते. रोख रक्कम, प्रवास, आणि सॅन डिएगोजवळ एक घर, ज्यात त्याचे आईवडील भाडं न देता राहत होते. उद्देश सरळ होता : पोरगा व्यावसायिक खेळाडू झाला की त्याचं काम आपल्याकडे यावं. 2010 मध्ये एनसीएएने यूएससीला दोन वर्षं मोसमाअखेरच्या बोल सामन्यांतून बाहेर ठेवलं, 30 स्कॉलरशिप कापल्या आणि जिंकलेले सामने खोडून टाकले. सामना झाला, स्टेडियम भरून लोकांनी बघितला, पण कागदावर विजय नाही. त्याच वर्षी बुशने ट्रॉफीवरचा हक्क सोडला आणि 2005 ची जागा रिकामी राहिली.

एप्रिल 2024 मध्ये ती परत दिली ती ट्रॉफी देणाऱ्या हाइसमन ट्रस्टने, एनसीएएने नाही. हा फरक बातम्यांत हरवला. खोडलेले सामने त्या ट्रॉफीबरोबर परत आले नाहीत.

आता चूक की बरोबर. जुना नियम असा होता की स्कॉलरशिपपलीकडे खेळाडूने खेळामुळे एक पैसाही घ्यायचा नाही. जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने 2010 मध्ये स्वतःची जर्सी 1,000 डॉलरला विकली. घेणारा एजंटच्या व्याख्येत बसणारा निघाला आणि ग्रीन चार सामने बाहेर बसला. त्याच विद्यापीठाचा टॉड गर्ली 2014 मध्ये स्वाक्षऱ्यांचे पैसे घेतल्याबद्दल चार सामने बाहेर. आणि कोलोरॅडोचा जेरेमी ब्लूम तर बर्फावरच्या स्कीइंगमध्ये ऑलिंपिक खेळलेला. त्या खेळासाठी त्याने जाहिरातींचे पैसे घेतले आणि 2004 मध्ये त्याचं कॉलेज फुटबॉल बंद झालं. एकीकडे कोच लाखो डॉलर घेणार आणि दुसरीकडे मुलाने स्वतःच्या सहीचे शंभर घेतले तर चौकशी. हे मला नोकरीत असतानाही पटत नव्हतं, आणि चौकश्या मात्र मीच करत होतो.

कोर्टाने हा डोलारा हळूहळू खाली आणला. 2021 च्या अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9-0 असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. त्यानंतर आठ-दहा दिवसांत, 1 जुलैपासून, खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरू देऊन कमवायची मुभा मिळाली. तिकडे याला एनआयएल म्हणतात. जून 2025 मध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली : जुन्या खेळाडूंना सुमारे 2.8 अब्ज डॉलरची भरपाई, आणि 2025-26 पासून विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्यांना मिळून 20.5 दशलक्ष डॉलर होती.

म्हणून गर्लीने केलं ते आज दर शनिवारी राजरोस चालतं. पण बुशचं तसं नाही, आणि लोक नेमके इथे घसरतात. पुढे एजंट व्हायचं म्हणून कुणी आत्ता घर देणं आजही नियमात बसत नाही. पैसा घेणं पूर्वी गुन्हा होता. आता पैसा कुठल्या रस्त्याने आला आणि कशाबद्दल आला, एवढंच बघतात.

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलाला एका विद्यापीठाकडून विचारणा आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका तिथलेच माजी विद्यार्थी आहेत, तिथल्या खेळ निधीला देणगीही देतात. ते म्हणतात, "पोरगा आपलाच आहे, गेल्यावर माझी जुनी गाडी वापरू दे." दिवाळीला सगळ्या मुलांना पाकीटही देतात. यात काही वावगं आहे का? (एक आई)

ताई, काका मनाने चांगले असतील, पण नियमांच्या भाषेत ते बूस्टर आहेत. विद्यापीठाच्या खेळ निधीला देणगी दिली, बूस्टर क्लबचं सभासदत्व घेतलं किंवा कोचला खेळाडू मिळवायला मदत केली, की माणूस बूस्टर होतो. आणि एकदा झाला की जन्मभर. देणगी बंद केली म्हणून शिक्का जात नाही.

गाडी नको. एक दिवसासाठीही नको, "पेट्रोल आम्ही भरू" म्हणूनही नको. आमच्याकडे कसोटी एकच असायची : हीच सवलत त्या विद्यापीठातल्या कुठल्याही साध्या विद्यार्थ्याला मिळते का? मिळत असेल तर ठीक. फक्त खेळाडूला मिळत असेल तर तो जादा लाभ.

दिवाळीचं पाकीट वेगळं आहे. जुन्या ओळखीला नियमात जागा आहे, पण तीन गोष्टी विचारतात. ओळख कधीपासूनची? मुलगा खेळाडू म्हणून नावारूपाला यायच्या आधीची का? आणि आधी जेवढं देत होते तेवढंच आत्ता देताहेत का? काका त्याला सहावीत असल्यापासून मंडळातल्या इतर मुलांसारखे 11 डॉलर देत असतील, तर घाबरू नका. विचारणा आल्याच्या वर्षी त्या 11 चे 501 झाले, तर मात्र ते पाकीट दिवाळीचं राहिलं नाही. आणि मुलाच्या प्रवेशाबद्दल काकांनी आत्ता त्याच्याशी बोलणं, "तिथेच ये रे" म्हणणं, हेही टाळायला सांगा. ते काम कोचचं. प्रवेश झाल्यावर अधूनमधून घरी जेवायला बोलावलेलं चालतं. वरण-भात, तूप, सगळं चालतं. हॉटेलात नेऊन बिल भरलेलं चालत नाही.

एवढी कटकट का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या डॅलसमध्येच सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ आहे, एसएमयू. तिथे बूस्टरच्या पैशातून खेळाडूंना दरमहा रोख हप्ते जात होते. विद्यापीठ आधीच शिक्षेखाली होतं, तरी हप्ते चालू राहिले, आणि वरच्या लोकांना ते ठाऊक होतं. टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होते. त्यांनी स्वतःच ते कबूल केलं. एनसीएएने 1987 चा पूर्ण मोसम रद्द केला. 1988 चा मोसम विद्यापीठाने आपणहून सोडला. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात अशी शिक्षा त्यानंतर कुणालाच झालेली नाही.

काकांना खरंच द्यायचं असेल तर सरळ मार्ग आता आहे. त्यांचा धंदा असेल तर मुलाशी करार करावा, जाहिरात करून घ्यावी आणि बाजारभावाने पैसे द्यावेत. 600 डॉलर किंवा त्याहून मोठा करार असेल तर मुलाने तो नोंदवायचा. देणारा बूस्टर असेल तर काम खरं आहे का आणि रक्कम वाजवी आहे का, हे तपासतात. एका इन्स्टाग्राम फोटोचे चाळीस हजार दिले तर कागद परत येणारच.

प्रश्न : पास्ता जास्त खाल्ला म्हणून खेळाडूंना दंड झाला होता, हे खरं की व्हॉट्सॲपवरचं? (एक वाचक, ठाणे)

खरं आहे. ओक्लाहोमा विद्यापीठात पदवीच्या एका जेवणात तीन खेळाडूंना ठरलेल्यापेक्षा जास्त पास्ता वाढला गेला. विद्यापीठाने स्वतःच ते नियमभंग म्हणून लिहून कळवलं आणि तिघांना प्रत्येकी 3.83 डॉलर धर्मादाय संस्थेला द्यायला लावले. ही बातमी 2014 च्या सुरुवातीची. यात एनसीएएची चूक थोडी आणि आमच्या जमातीची जास्त. कंप्लायन्सवाल्याला भीती असते की आज तीन डॉलर लपवले तर उद्या तीन हजारांच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून आम्ही शीत न् शीत मोजायचो. जादा लाभाची किंमत दान करून पात्रता परत मिळवायची, हा रिवाज मात्र नेहमीचाच. ग्रीनलाही ते 1,000 डॉलर दान करावे लागले.

त्याआधीचा बेगलचा नियम तर याहून भारी. मधल्या वेळेला खेळाडूला बेगल (कड्यासारखा गोल पाव) द्यायला परवानगी होती, पण त्याला क्रीम चीज लावलं की तो नाश्ता न राहता जेवण व्हायचा, आणि जेवणाची मर्यादा वेगळी. आपल्याकडे उपासाला काय चालतं यावरून घरोघरी होतात तशा चर्चा आम्ही पगार घेऊन करत होतो. एप्रिल 2014 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा (यूकॉनचा) बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर म्हणाला की कधीकधी रात्री उपाशी झोपावं लागतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत खेळाडूंच्या खाण्यावरची मर्यादा उठवायचं ठरलं.

प्रश्न : भाचा कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघातून फुटबॉल (आपला पायाचा) खेळायचा, मोसमाचे थोडे पैसेही मिळायचे. इथे इंजिनिअरिंगची तीन वर्षं झालीत. आता अमेरिकेत जाऊन त्यांच्या फुटबॉलमध्ये किकर (चेंडू पायाने मारणारा खेळाडू) म्हणून प्रयत्न करायचा म्हणतो. पैसे घेतल्याने अडेल का? (एक मामा, कोल्हापूर)

मामा, पैशाने अडणार नाही. घड्याळाने अडेल.

एका खेळात खेळायचे पैसे घेतले म्हणून दुसऱ्या खेळातली पात्रता जात नाही. वरच्या ब्लूमचं अडलं ते जाहिरातींच्या पैशामुळे. क्रिस वाइन्के आधी बरीच वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला, मग फ्लोरिडा स्टेटला आला आणि 2000 साली अठ्ठाविसाव्या वर्षी हाइसमन जिंकला. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल आणि त्यांचा फुटबॉल हे कागदावर दोन वेगळे खेळ आहेत. पायाच्याच फुटबॉलच्या संघात जायचं असतं तर त्या पैशांचा हिशोब मांडावा लागला असता.

घड्याळाचं असं : पाच वर्षांत चार मोसम. आणि ते घड्याळ सुरू होतं पूर्णवेळ कॉलेजात पहिल्यांदा नाव घातल्याच्या दिवशी, कॉलेज जगात कुठेही असो. भाच्याचं घड्याळ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कोल्हापुरात सुरू झालं. चेंडूला हात लावला नाही, तरी तीन वर्षं गेली. चौथं करून एमएसला गेला तर हातात जेमतेम एक मोसम. पदवी अर्धवट टाकून आत्ताच जा असं मी अजिबात म्हणणार नाही. किकरची जागा एका संघात एक-दोन, आणि लहानपणापासून तोच सराव केलेली पोरं रांगेत उभी.

एक आपल्याकडचा खास घोळ. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज म्हणतात, आणि अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं. फॉर्मवर "ज्युनिअर कॉलेज" लिहिलंत तर समोरचा माणूस घड्याळाचे काटे आणखी दोन वर्षं पुढे सरकवून बसेल. उच्च माध्यमिक शाळा असंच लिहा, सोबत बोर्डाची गुणपत्रिका जोडा.

आणि एनआयएलचे पैसे. भाचा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असेल, आणि त्या व्हिसावर वाटेल ते काम करता येत नाही. संघसहकारी गाडीच्या जाहिरातीत झळकेल, पण भाच्याने तेच अमेरिकेच्या जमिनीवर केलं तर प्रश्न खेळाचा न राहता व्हिसाचा होईल. केंटकीचा काँगोहून आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर शिबवे याने 2022 मध्ये संघ बहामाला गेला होता तेव्हा तिथे जाऊन जाहिरातींची कामं उरकली, ती याचसाठी. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं खातं असतं. कोचच्या आधी तिथे विचारायला सांगा.

प्रश्न : मुलगा कॉलेज संघात आहे. चुलत भावांबरोबर फँटसी क्रिकेटमध्ये पैसे लावतो. चालेल का? (एक वडील, न्यू जर्सी)

एनसीएएची बंदी ज्या खेळांच्या स्पर्धा ती भरवते त्या खेळांवरच्या पैजांना आहे, मग सामना कॉलेजचा असो की व्यावसायिक, आणि पैसे भरून खेळायची फँटसीही त्यातच. क्रिकेट त्या यादीत नाही. पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम त्याहून कडक असू शकतो, आणि भारतात ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद झालेत. त्यापेक्षा मोठी काळजी वेगळी : संघातला कोण जखमी आहे हे त्याने त्या चुलत भावांच्या ग्रुपवर सहज लिहिलं आणि त्यावर कुणी पैसे लावले, तर तो मुलगा संपला. ग्रुपवर मॅचबद्दल बोलूच नको म्हणावं.

प्रश्न : एक गृहस्थ म्हणतात, "मी तुमच्या मुलाला आत्ताच मोठी रक्कम देतो, पुढे तो एनएफएलला (तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगला) गेला तर थोडे टक्के द्या." सही करावी का? (एक वडील, कॅलिफोर्निया)

जाहिरातींचे करार बघायला एजंट नेमायला आता परवानगी आहे. व्यावसायिक कारकिर्दीसाठी एजंट नेमला, तोंडी कबुली दिली तरी, पात्रता जाऊ शकते. ते गृहस्थ या दोन्हींत कुठे बसतात ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तुम्ही कागद पाठवलेला नाही.

फ्लोरिडाच्या जर्वन डेक्स्टरची गोष्ट वाचा. 2022 मध्ये कॉलेजात असताना त्याने एका कंपनीकडून 4,36,485 डॉलर घेतले. बदल्यात एनएफएलमधल्या करपूर्व कमाईचे 15 टक्के, 25 वर्षांपर्यंत. 2023 मध्ये शिकागो बेअर्स या एनएफएल संघाने त्याला घेतलं, आणि त्याच वर्षी तो करार रद्द करून घ्यायला तो कोर्टात गेला. तुमच्या कागदावर टक्के किती आणि वर्षं किती, हे दोन आकडे आधी शोधा. "थोडे टक्के" असं कागदावर कधीच लिहिलेलं नसतं.