रंगाला हात लावण्याआधी

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

जुनी लढाऊ विमानं दुरुस्त करायला शिकायचं म्हणतोस, त्याचा मनापासून आनंद आहे. सुरुवातीलाच सांगतो, ‘चांगलं काम’ कशाला म्हणायचं हे या क्षेत्रात पार बदललं आहे.

१९६०-७० च्या दशकांत विमान चकचकीत दिसलं की काम फत्ते. वाळूचा मारा करून सगळा रंग उडवायचा आणि वर नवा इनॅमल चढवायचा. त्या माऱ्यानं पातळ पत्रा ताणला जाई, गंजाचे खड्डे दबून झाकले जात आणि आतल्या बाजूचे कारखान्याच्या तपासनिसांचे शिक्के कायमचे पुसले जात. पुढे दृष्टी बदलली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमनं १९७३ मध्ये नॉर्वेतल्या तळ्यातून काढलेलं हॅलिफॅक्स बॉम्बर नवं केलं नाही, मोडक्या अवस्थेतच मांडलं. दुसरीकडे फ्रान्समधल्या कॅले किनाऱ्याच्या वाळूत १९८० मध्ये उघडं पडलेलं ‘स्पिटफायर पी-९३७४’ हे लढाऊ विमान २०११ मध्ये पुन्हा उडालं, पण त्यात मूळ धातू फार थोडा उरला. माझ्या मते दोन्ही कामं योग्यच, फक्त नवं काय आणि जुनं काय हे कागदावर स्पष्ट हवं. उडणाऱ्या विमानात जुना पत्रा जपायचा हट्ट मात्र कधीच करू नकोस. तिथं माणसाचा जीव असतो. आपल्या वायुसेनेच्या डाकोटा या जुन्या मालवाहू विमानाचा ‘व्हीपी-९०५’ हा क्रमांक १९४७ च्या श्रीनगर मोहिमेतल्या विमानाची आठवण म्हणून दिलेला आहे. अशा वेळी, म्हणजे क्रमांक दुसऱ्या विमानाचा असताना, सांगाड्याची खरी ओळख नोंदवहीत वेगळी लिहायची.

आता हातातल्या कामाचं. रंग काढण्याआधी त्याची खिडकी उघडायची, म्हणजे एका छोट्या जागी घासून त्याचे सगळे थर दिसू द्यायचे. पंखाच्या मुळाशी किंवा एखाद्या पाटीखाली, जिथं ऊन पोचलं नाही अशी जागा निवड, कारण उघड्यावरचा रंग उडालेला असतो आणि तो खरा मानला की सगळं विमान फिकं रंगवलं जातं. ४०० नंबरचा वॉटर पेपर भिजवून हलक्या हातानं गोल घास, मग ६००, ८०० आणि १०००. प्रत्येक थराचं सेंटीमीटरभर वलय दिसू लागलं की थांब. शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून सकाळी सावलीत फोटो घे. घाई केलीस तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, फुटून धातू वर येतो आणि मधला एखादा थर, म्हणजे विमानाच्या आयुष्यातला एक काळ, हातून जातो.

रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांचं, गणित आपल्या उन्हाळ्यात जास्त सांभाळावं लागतं. ‘२०१७’ क्रमांकाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा रिव्हेट उष्णोपचार करून पाण्यात बुडवल्यावर सुमारे तासाभरात ठोकायचा, ‘२०२४’ क्रमांकाचा तर १० ते २० मिनिटांत. फ्रीजरमध्ये ठेवले तर ते मऊ राहतात. बाहेर काढले की घड्याळ पुन्हा चालू. मे महिन्यात शेड तापलेली असते, म्हणून मूठभरच काढ. कडक झालेला रिव्हेट ठोकलास तर डोक्याला चिरा पडतात. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटचं ठोकलेलं डोकं ४.८ रुंद आणि १.६ उंच भरलं पाहिजे.

जुन्या डायलवर अंधारात दिसणारा रंग असेल तर तो किरणोत्सर्गी रेडियमचा समजून चाल, आता चमकत नसला तरी. काच उघडायची नाही, घासायचं तर नाहीच. पिवळसर झाक असलेल्या बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. तोही कोरडा घासू नकोस, त्याची धूळ विषारी असते.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी कुजलेलासुद्धा, जागा आणि तारीख लिहून चिठ्ठीसह ठेव. नवा भाग बसवलास तर आतल्या बाजूला वर्ष कोर.

आणि विमान उघड्यावर उभं असेल तर रंगापेक्षा त्याच्या पोटाकडच्या पाणी निथळायच्या भोकांकडे आधी बघ. उन्हाळाभर त्यांत धूळ बसते, मृग लागला की आत पाणी साचतं आणि स्टीलचा बोल्ट जिथं अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तिथून पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा झडू लागतो. जूनच्या आत नायलॉनच्या काडीनं ती मोकळी कर. लोखंडी तार घालू नकोस, मुलामा खरवडला जातो.

तुझा,
काका