बैलाचा खांदा पाहताना

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ पाहिला. चढावर उसाची टायरगाडी अडलीय, बैलाने गुडघे टेकलेत आणि गाडीवान आसूड ओढतोय. बैलासाठी तुझा जीव तुटला, तो तुटायलाच हवा. पण त्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतोय आणि लोक खाली त्याला बडवून काढायची भाषा करतायत. आधी तो व्हिडिओ काढून टाक, मग पुढचं वाच.

गुरांच्या डॉक्टरच्या नोकरीत दुसऱ्या वर्षी मीही असाच पेटलो होतो. एका बैलाचा खांदा फुटून त्यात अळ्या पडल्या होत्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली मी तक्रार दिली आणि बैलजोडी पांजरपोळात गेली. बैल बरा झाला. आठवड्याने त्याच फडात गेलो, तर गाडीवान आणि त्याची बायको डोकीसेंटरला, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्या टोळीत, लागलेले. गाडी गेली, पण बैलांसाठी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अंगावर तशीच होती. बाईला सातवा महिना. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढत होती. बैलाच्या खांद्यावरचं ओझं मी तिच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं. तक्रार खरीच होती. पण ती देण्याआधी मी त्या दोघांशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि ते मला अजून सलतं.

म्हणून गाडीत अडीच-तीन टन ऊस का भरतोस, हे गाडीवानाला शांतपणे विचार. मजुरी टनावर मिळते. मजूर आणणाऱ्या मुकादमाची उचल फिटल्याशिवाय गावाची वाट धरता येत नाही. बैल एक दिवस बसवला की खाडा पडतो. त्याला बैलाची माया नाही असं समजू नकोस. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हाच माणूस हळद-लोणी लावून त्याच बैलाचे खांदे मळतो आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो. तुझं बोलणं त्या खांदेमळणीपासून सुरू कर. मी तसंच करतो आणि माणूस बहुतेक वेळा स्वतःहून जू उचलून खांदा दाखवतो.

दिवसा गाडी थांबवू नकोस, त्याची खेप बुडते. रात्री कारखान्याच्या आवारात नंबर लागलेला असतो, तेव्हा तो मोकळा असतो. ताजी सूज असेल तर थंड पाण्याचा शेक आणि मॅगसल्फ-ग्लिसरीनचा लेप. जुवाखाली मऊ गादी बांधून दे, जोडी एका उंचीची आहे का तेही बघ. पण जखम उघडी असेल तर विश्रांतीला पर्याय नाही. तिथे मुकादमाशी बोलून दोन-चार दिवस बदली बैल मिळवणं, हेच तुझं औषध. बैल नुसत्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, असतील तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातला चुना कमी होतो. चुन्याची निवळी द्यायला सांग. ती कुणालाही परवडते.

आणि बैल तपासायच्या शिबिरात नर्सबाईंसाठी एक टेबल ठेवच. कोयत्याने कापलेली बोटं, तापलेली पोरं, पाठीने वाकलेल्या बाया, सगळं त्याच रांगेत उभं असतं. ऊसतोडीतल्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तो याच मजुरांच्या कोप्यांमधला, झोपड्यांमधला. आम्ही टेबल मांडलं त्या वर्षापासून बैल दाखवायला आणणारे वाढले.

पराणीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, आर (टोकदार खिळा) दिसली तर मात्र तिथेच काढायला लाव, त्यात तडजोड नको. आणि राग आलाच तर तो वरपर्यंत घेऊन जा. १९६५ च्या नियमांप्रमाणे बैल दिवसात ९ तासांहून जास्त जुंपायचा नाही, सलग ५ तासांहून जास्त तर नाहीच, आणि पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. मग गाड्या कारखान्याच्या वजनकाट्यावर अर्धी रात्र जुंपलेल्या का उभ्या राहतात? तो नंबर गाडीवान लावत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागात जा. पाण्याची टाकी माग, सावली माग, बैलगाड्यांची वेगळी रांग माग. मी तीन हंगाम मागितलं तेव्हा टाकी मिळाली. रांग अजून बाकी आहे.

मंगळवारी रात्री नऊनंतर मी काट्याजवळ असेन. मोठी बॅटरी घेऊन ये. व्हिडिओतला तो गाडीवान त्याच कारखान्याला येतो. त्याच्या डाव्या बैलाचा खांदा आपण दोघं बघू.

तुझा,
काका