रोज भूल दिली तर लेकराच्या मेंदूचं काय होईल?

"मॅडम, दीड महिना रोज भूल? माझं लेकरू मला ओळखंल तरी का नंतर?" साडेतीन वर्षांच्या मुलाची आई मांडीवर फाइल घट्ट धरून विचारत होती. मराठवाड्यातून आलेली मंडळी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). लहान मेंदूजवळची एपेंडायमोमाची (मेंदूतल्या ट्यूमरचा एक प्रकार) गाठ ऑपरेशनने काढली होती. आता आठवड्यातले पाच दिवस, असे तीसेक वेळा लाइट, म्हणजे रेडिएशनचे किरण, घ्यायचे होते. आजीला वेगळीच धास्ती होती, "एखाद्या दिवशी उठलाच नाही तर?"

आजींचं आधी घेतलं. लाइट घेताना दुखत नाही, पण तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून खोलीत एकट्यानं निपचित पडावं लागतं. डोकं थोडं जरी हललं तरी किरण चांगल्या भागावर जातील, म्हणून भूल. ऑपरेशनच्या मानानं ती हलकी असते. बहुतेक ठिकाणी पोर्टमधून (कातडीखाली बसवलेली, शिरेला जोडलेली डबी) किंवा पिकलाइनमधून (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी) प्रोपोफॉल हे भुलीचं औषध देतात, मूल स्वतःच श्वास घेत राहतं, घशात नळी सहसा घालावी लागत नाही. मशीन चालू असताना खोलीत कुणीच थांबू शकत नाही, आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो तो नेमका तेव्हा. म्हणून भुलीच्या डॉक्टरांच्या परवानगीनं त्या दोघींना बाहेरच्या पडद्यापाशी नेलं. कॅमेऱ्यात मूल दिसत होतं आणि खाली प्रत्येक श्वासाबरोबर एक रेघ वर चढून उतरत होती. आजी कितीतरी वेळ त्या रेघेकडेच बघत राहिल्या. त्रास झालाच तर तो बहुधा ऑक्सिजन थोडा वेळ उतरण्याचा असतो. तसं झालं की किरण लगेच थांबवून आत जाता येतं. जिवावर बेतण्याचे प्रसंग फार दुर्मीळ.

आईच्या प्रश्नाला मात्र "काही होत नाही" असं उत्तर मी देत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) 2016 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा लांबलेली भूल देण्याबद्दल इशारा दिला होता. तान्ह्या बाळांना एकदाच, तासाभराच्या आत दिलेल्या भुलीचा मोठा अभ्यास झाला. त्या मुलांच्या बुद्ध्यंकात पाचव्या वर्षीही फरक आढळला नाही, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. तीस वेळच्या भुलीबद्दल इतकं ठाम उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. अशा मुलांच्या मेंदूवर गाठीचा, ऑपरेशनचा आणि खुद्द किरणांचाही परिणाम होतो, त्यातून भुलीचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे. पण भुलीच्या भीतीनं लाइट अर्धवट सोडले तर गाठ परत येण्याचा धोका वाढतो. हे सगळं मी तिला असंच सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "खरं सांगितलंत, बरं झालं."

यात आईवडिलांच्या हातातलं पुष्कळ आहे. सहा तास घन आहार नाही, आईचं दूध चार तास आधीपर्यंत, साधं पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते डॉक्टर सांगतात. एका सकाळी पोर भुकेनं रडलं म्हणून आजीनं बिस्किट दिलं आणि नंबर जाईल या भीतीनं कुणी बोलेना. आईनं शेवटी हळूच मला सांगितलं. नंबर दुपारी लागला, एवढंच. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून कळवळून सांगते, खाल्लेलं लपवू नका. सर्दी, खोकला, ताप, रात्रीचं घोरणं, हलणारा दात, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तेही. पोर्टची जागा लाल दिसली तर त्याच दिवशी दाखवा.

भूल टाळता येईल का, हेही जरूर विचारा. चार-पाच वर्षांच्या पुढची बरीच मुलं मुखवटा घालून खेळल्यावर, स्पीकरवर आईची गोष्ट ऐकत, जागेपणी लाइट घेतात. या मुलाला ते जमलं नाही, त्याची भूल शेवटपर्यंत चालू राहिली. आईनं भुलीच्या डॉक्टरांना सकाळचा पहिला नंबर मागितला आणि तो मिळाला. मग नऊच्या आत त्याच्या पोटात वरणभात जायला लागला.