वर्गणी बंद करण्याआधी हिशोबाची वही मागा

प्रश्न : मी एका सार्वजनिक बससेवेत वाहक आहे. संघटनेची वर्गणी पगारातून कापली जाते. वेतनवाढीचा फरक मिळाला तेव्हा 'देणगी' म्हणून 500 रुपये परस्पर कापले. हिशोब विचारला तर आगारातले सचिव म्हणाले, "ड्यूटी कोण लावतं, माहीत आहे ना?" वर्गणी बंद करून संघटना सोडावी का?

उत्तर : सोडायची तर सोडा, पण आज नको. हिशोबाच्या वह्या पाहण्याचा हक्क सभासदाचा असतो. राजीनामा दिलात की तो गेलाच. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याचं कलम 20 हेच सांगत होतं. त्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तरी दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि सभासदांना वह्या दाखवण्याची सोय संघटनेच्या घटनेत असावीच लागते.

एक पानी अर्ज करा. गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशोब मागा आणि देणगीचा ठराव कुठल्या सभेत, कधी झाला ते विचारा. 'अपहार' हा शब्द लिहू नका, नाहीतर उलट बदनामीची नोटीस तुमच्याच दारात येईल. अर्ज सचिवांच्या हातात न देता संघटनेच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा.

उत्तर येईल अशी आशा मला फारशी नाही. अशी संघटना सहसा माहिती अधिकाराखाली येत नाही, पण तिने कामगार संघटनांच्या निबंधकाकडे भरायचं वार्षिक विवरण सरकारी दप्तरात असतं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याची प्रत तिथे मागा. विवरणच भरलेलं नसेल, तर प्रश्न थेट नोंदणीवर येतो.

देणगीचं वेगळं. संघटनेची रक्कम पगारातून कापायला तुमची लेखी संमती लागते. नोकरीला लागताना पाच-सहा कागदांवर सह्या घेतात, त्यातच हा एक सरकवलेला असतो. पगार विभागाकडून त्याची प्रत घ्या. त्यात फक्त मासिक वर्गणी असेल, तर 500 रुपये विनासंमती कापले गेले. कापले आस्थापनेने, म्हणून परतही तिच्याकडेच मागायचे.

आणि नुसतं बाहेर पडून सुटका नाही. कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित प्रथा यांबद्दलच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानुसार 30 टक्के सभासदांवर संघटनेला मान्यता मिळते आणि मग वाटाघाटीत ती तुमच्याही वतीने बोलते. तिच्या कार्यकारिणीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी लागते आणि ठराव इतिवृत्तात लिहावे लागतात. ते कोणी विचारत नाही, ही खरी अडचण. ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेल्या एसटी संपात कामगारांनी नेत्यांना बाजूला सारलं, महिनोन्‌महिने पगार बुडाले, आणि एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून, एसटी शासनात विलीन करण्याची मागणी पदरात न पडताच कामावर परतावं लागलं. वहीवरून भांडणं त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

सचिवांची धमकी तोंडी आहे. नुसत्या तेवढ्यावर तक्रार टिकवणं कठीण. मात्र अर्जानंतर अचानक सलग नाइट आउट (बाहेरगावी मुक्कामाची ड्यूटी) लागू लागले, तर ड्यूटी तक्त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. एका गटावर मर्जी दाखवणं ही 1971 च्या कायद्याखाली आस्थापनेची अनुचित प्रथा ठरते. तिची तक्रार औद्योगिक न्यायालयात 90 दिवसांत करावी लागते, म्हणून तारखा वहीत लिहून ठेवा. वर्गणी थकवू नका, तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर तुम्ही सभासदच नाही असं म्हणायला त्यांना वाव मिळतो.