आधी सुपरवायझर, मग सुतार

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्यात इंटेरिअरची कामं करता, डिझाइन, खरेदी आणि साइट आजवर एकटीनं सांभाळली. यंदा चार साइट्स एकदम आल्या, त्यातल्या दोन दिग्रस आणि नेरला. आता दोन सुतार आणि थ्रीडी, म्हणजे खोलीची कॉम्प्युटरवरची चित्रं करणारी एक मुलगी पगारावर ठेवावी, की सगळंच बाहेर द्यावं?

माझं मत सरळ सांगतो. सुतार ठेक्यावर ठेवा आणि थ्रीडी बाहेरून करून घ्या. पगार द्यायचाच असेल तर पहिला पगार साइट पाहणाऱ्या माणसाला द्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: सुतार पगारावर ठेवतात आणि देखरेख देवाच्या भरवशावर.

सुताराचा हिशेब मांडून पाहा. धरा, पगार १८,०००. वर्षाचे झाले २,१६,०००. दिवाळी आणि घरच्या अडीअडचणीला द्यावे लागतात ते मिळवले की २,४०,००० होतात. तोच माणूस ९०० रुपये रोजीनं बोलावला तर एवढ्या पैशात २६६ दिवस येतो. म्हणजे वर्षातले २६६ दिवस त्याला पुरेल इतकं काम तुमच्याकडे असेल तरच पगार परवडतो. आकडे तुमच्या गावचे टाका, हिशेबाची रीत तीच राहील.

आता आपल्या भागात इतके दिवस भरतात का? मृग लागला की ज्याच्याकडे चार एकर आहे तो सुतार स्वतःच पेरणीला जातो. गिऱ्हाइकाचा पैसा बियाण्यात, खतात अडकलेला असतो. पोळ्यापर्यंत नवीन काम क्वचितच निघतं, आणि पितृपक्षात कोणी खिळा ठोकू देत नाही. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनचे पैसे येतात, मग कापूस, आणि खरी खरेदी दिवाळी ते संक्रांत. त्यानंतर सगळ्यांनाच घर अक्षय तृतीयेच्या आत पाहिजे असतं. पगार मात्र श्रावणातही १ तारखेलाच द्यावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक म्हणतं, "कापूस इकला का देतो ना ताई." शिक्षक, बँकवाले किंवा डॉक्टर हीच तुमची जास्त गिऱ्हाइकं असतील तर हे गणित थोडं बदलेल. पण शेतीवरचं गिऱ्हाईक निम्म्याच्या वर असेल तर पगारी सुतार पावसाळ्यात अंगावर येतोच.

ठेका देतानाही डोळे उघडे ठेवा. विथ मटेरियल ठेका देऊ नका. लेबर रेटवर द्या आणि प्लाय, लॅमिनेट, चॅनल, बिजागऱ्या स्वतः विकत घ्या. ओट्याखाली पाणी सोसणारी आयएस ७१० ची प्लाय लिहून घ्यायची आणि लावायची साधी ३०३ ची, हा प्रकार पकडणं फार कठीण असतं. शिक्का अख्ख्या शीटवर असतो. एकदा कटिंग होऊन सनमायका चिकटला की आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही. म्हणून शीट उतरतानाच शिक्क्याचे फोटो काढून ठेवायचे.

दुसरं भांडण मोजणीचं. स्क्वेअर फुटाचा रेट ठरवताना नुसतं समोरचं क्षेत्रफळ धरायचं, की ड्रॉवर आणि आतले कप्पे वेगळे मोजायचे, हे कागदावर लिहा. एका वॉर्डरोबचं माप घालूनच दाखवा. नाहीतर शेवटच्या बिलाच्या दिवशी ठेकेदाराचा टेप वेगळा आणि तुमचा वेगळा.

पैशाचे टप्पे मी असे ठेवतो. उचल दहा टक्के, त्यावर एक रुपया नाही. बॉक्स, म्हणजे कपाटांचे सांगाडे, उभे झाले की तीस, शटर, म्हणजे त्यांची दारं, बसले की तीस, हँडल आणि फिनिशिंग झालं की वीस. उरलेले दहा महिनाभरानं, आणि काम उन्हाळ्याच्या तोंडावर संपलं तर मे संपल्यावर. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, खिडकीत कुलर लागतो. एका खोलीत दमट हवा आणि बाजूच्या खोलीत भट्टी. शटर वाकायचं असेल तर तेव्हा वाकतं. जास्त उचल घेतलेला ठेकेदार तेव्हा दुसऱ्या गावी दुसऱ्याची उचल घेऊन बसलेला असतो.

राजस्थानच्या सुतारांची टोळी घेणार असाल तर एक लक्षात असू द्या. ती पोरं साइटवरच राहतात, रात्रीपर्यंत काम ओढतात, हात सफाईदार. पण होळीला गावी जाते ती अख्खी टोळी, आणि परत कधी येईल याचा नेम नसतो. तुमचा अक्षय तृतीयेचा मुहूर्त तिथंच फसतो. बॉक्सचं काम होळीच्या आत उरकायचं, असं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. शिवाय गावातला एक सुतार रोजीवर जोडून ठेवा. तक्रारीचं काम, म्हणजे बिजागरी सैल झाली, ड्रॉवर अडकला, यासाठी टोळी परत येत नाही. त्याला रोजी थोडी जास्त द्या, पण हाक मारली की तो आला पाहिजे.

किचन नागपूरच्या कारखान्यातून करून आणलं तर एज बँडिंग, म्हणजे प्लायच्या कडेला चिकटवायची पट्टी, हातच्या कामापेक्षा नक्कीच चांगलं होतं. अडचण आपल्या भिंतींची. जुन्या घरात एक भिंत ओळंब्यात नाही, दुसरी गुण्यात नाही, आणि कारखान्याचा बॉक्स मात्र काटकोनात येतो. माप टाइल्स लागल्यावरच घ्यायचं, प्लास्टरवर घ्यायचं नाही. माप कारखान्याच्या माणसानं घ्यावं, त्यावर त्याची सही असावी, आणि गुण्या घेऊन तुमचा माणूस शेजारी उभा असावा.

हा तुमचा माणूस म्हणजेच तो पहिला पगार. तालुक्याच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेला किंवा डिप्लोमावाला पोट्टा पाहा. गाडी चालवता यावी, टेप वाचता यावा, आणि वयानं मोठ्या मिस्त्रीला "हे काढा, परत लावा" म्हणायची धमक असावी. ही शेवटची गोष्ट बायोडाटात दिसत नाही, आठवडाभर साइटवर फिरवल्याशिवाय कळत नाही. प्लाय लागण्याआधी इलेक्ट्रिकचे पॉइंट तपासणं, शीट मोजणं, रोजचे फोटो पाठवणं, ठेकेदाराच्या टप्प्याचं काम खरंच झालं का ते पाहणं, हे त्याचं काम. पावसाळ्यातही तो रिकामा बसत नाही: नव्या घरांची मापं, कोटेशन, जुन्या गिऱ्हाइकांकडे चक्कर, थकलेली वसुली. त्याचा पगार चारही साइट्सच्या कोटेशनमध्ये वाटून टाका. फक्त रेट आणि पैशाचं बोलणं तुमच्याकडेच ठेवा. हुशार पोरगा दोन-तीन वर्षांत स्वतःचं सुरू करतोच, तेव्हा गिऱ्हाईक तरी तुम्हाला ओळखत असलं पाहिजे.

थ्रीडीचं फार मनावर घेऊ नका. एका व्ह्यूमागे पैसे घेणारी मुलं नागपूर-अमरावतीत भरपूर आहेत. यवतमाळात जे लॅमिनेट खरंच मिळतं त्याचाच कोड त्यांना द्या, नाहीतर चित्रातला रंग गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसतो आणि तुम्ही दुकानं पालथी घालता.

कायद्याची भीती इतक्यात नको. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, १० माणसांपासून आणि पीएफ २० पासून लागतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि मटेरियलसह काम घेतलं तर ती रक्कम लवकर गाठली जाते. ठेकेदाराच्या बिलातून टीडीएस कापायचा का, हे मागच्या वर्षीच्या उलाढालीवर ठरतं. ते सीएला मार्चच्या आत विचारा.

सध्याच्या चार साइट्सचं म्हणाल तर दिग्रस आणि नेर एकाच टोळीला देऊ नका. दोन्हीकडचे बॉक्स अर्धवट ठेवून ती मधेच फिरत राहील. दारव्ह्याच्या दोन साइट्स गावातल्या सुताराला रोजीवर द्या, त्या तुम्ही स्वतः पाहू शकता. नवा पोरगा आधी दिग्रसला लावा.