७ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सांगितलंय. घरचे म्हणतात, दोन रट्टे दिले की बसेल. मारावं का?

नाही, अजिबात मारू नका. माराने तो घटकाभर गप्प होईल, पण लक्ष टिकवायला शिकणार नाही. थांबणं, वाट पाहणं, हातातलं काम पुरं करणं हे त्याच्या मेंदूलाच जड जातं. तो लाडाने बिघडलेला नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही, हे घरच्यांनाही सांगा. मी अमळनेर तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवते. ‘हात धू, दप्तर भर, चप्पल घाल’ असं एका दमात सांगितलं की अशी मुलं एक पाय चपलेत घालून दारातच उभी राहतात. म्हणून:

- जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन एकच काम सांगा. झालं की लगेच म्हणा, ‘शाब्बास, दप्तर तू भरलंस!’
- गृहपाठ दहा-दहा मिनिटांचा. मध्ये उठू द्या, तांब्याभर पाणी आणायला पाठवा.
- आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. दुपारभर कोंडलेलं पोर शांत कसं बसेल? त्याला सकाळी उन्हाआधी मनसोक्त पळू द्या.

मात्र निदान नीट झालंय ना, ते बघा. लक्षणं किमान ६ महिने, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. कानांनी नीट ऐकू येतं का, झोप कशी आहे, हेही तपासलेलं हवं. शंका असेल तर जळगाव-धुळ्याला बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. गोळ्या लागतील की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.