वाचकांचे प्रश्न : लाइनमन आणि लष्कराची नोकरी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये लाइनमन नेमकं करतो काय? चेंडू तर त्याच्या हाती दिसतच नाही. – एक वाचक, नाशिक

आक्रमण करणाऱ्या संघाचे लाइनमन पाच : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. त्यांच्या पाठीवर 50 ते 79 मधला क्रमांक असतो आणि पुढे फेकलेला पास पकडायची त्यांना एरवी मुभा नसते. काम एकच, समोरच्याला अडवणं. चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची, नाहीतर क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूला, फेकण्यापुरता तीनेक सेकंदांचा वेळ मिळवून द्यायचा.

पवित्र्यात पाय खांद्याएवढे फाकलेले, एक पाऊल किंचित मागे, पाठ सपाट आणि एक हात जमिनीवर. त्या हातावर भार जास्त पडला तर पास अडवताना मागे सरकायला उशीर होतो. धावेच्या डावात पहिलं पाऊल जेमतेम वीतभर टाकायचं. लांब टाकलं की धडकेच्या क्षणी एकच पाय जमिनीवर उरतो. पंजे समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूने. ते बाहेर गेले आणि जर्सी धरून ओढली तर होल्डिंग, म्हणजे 10 यार्डांचा दंड. नवशिके मात्र मार खातात ते कंबर उचलल्यामुळे. कुस्तीसारखंच आहे, जो खाली राहतो तो ढकलतो.

एवढी वजनदार मंडळी लष्कराच्या निकषांत कशी बसतात? – एक वाचक, सातारा

खेळाच्या वजनात बरेचसे बसत नाहीत. वेस्ट पॉइंटच्या, म्हणजे अमेरिकी लष्कराचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीच्या, लाइनमनना पदवीआधी, शेवटच्या मोसमानंतर, किलोच्या किलो उतरवावे लागतात. म्हणून लष्करी अकादम्यांच्या संघांनी वर्षानुवर्षं हलक्या पण चपळ लाइनमनवर चालणारा ‘ऑप्शन’ पद्धतीचा (समोरचा बचावपटू काय करतो ते पाहून चेंडू कोणी न्यायचा हे ठरवणारा) धावता खेळ पसंत केला. भारी प्रतिस्पर्ध्याला ढकलण्याऐवजी त्याच्या पायांत शिरून ‘कट ब्लॉक’ करायचा. 2022 पासून कंबरेखालच्या या ब्लॉकवर मर्यादा आल्या आणि या संघांची चांगलीच पंचाईत झाली.

अलेहांद्रो व्हिलानुएवाचं उदाहरण पाहा. उंची 6 फूट 9 इंच. वेस्ट पॉइंटला टॅकल खेळला, 2009च्या शेवटच्या मोसमात चक्क रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा. 2010 मध्ये पायदळात अधिकारी झाला, रेंजर या खास तुकडीतही राहिला. अफगाणिस्तानात तीन फेऱ्या केल्या आणि गोळीबारात जखमी सैनिकांना बाहेर काढल्याबद्दल त्याला ब्राँझ स्टार हे लष्करी पदक मिळालं. 2014 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्याला बचावफळीत आजमावून सोडलं, तेव्हा वजन सुमारे 125 किलो होतं. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला डावा टॅकल केलं, वजन 145च्या आसपास नेलं. 2015 मध्ये तो नियमित खेळू लागला, पुढे 2017 आणि 2018 मध्ये प्रो बोलसाठी, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला. चार-पाच वर्षं खेळाबाहेर काढून या जागी परतणं जवळपास अशक्य मानतात.

आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, शाळेच्या लाइनमध्ये खेळतो. वेस्ट पॉइंटला जायचं म्हणतो. काय करावं लागेल? – एक पालक, न्यू जर्सी

आधी नागरिकत्व बघा. ग्रीन कार्ड चालत नाही. प्रवेशाच्या वर्षी 1 जुलैला वय 17 पूर्ण हवं, 23 उलटलेलं नको. लग्न झालेलं नसावं. प्रशिक्षकाने कितीही आग्रहाने बोलावलं तरी नामांकन लागतंच. अकरावीच्या वसंतातच तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याकडे आणि राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे वेगवेगळे अर्ज करा. शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणं, पुल-अप्स, शटल रन, पोटाचे व्यायाम, पुश-अप्स आणि एक मैल धावणं असतं. भारी मुलं पुल-अप्स आणि मैलात अडकतात, तेव्हा तयारी तिथूनच करा. तेराव्या वाढदिवसानंतर दमा असेल तर वैद्यकीय सूट मागावी लागेल.

फी नाही, पण पाच वर्षं सक्रिय सेवा आणि तीन वर्षं राखीव दलात. तिसरं वर्ष सुरू होण्याआधी सोडलं तर बंधन नाही. नंतर सोडलं तर सेवा द्या किंवा पैसे भरा. वैमानिकांचं बंधन याहून लांबतं. एअर फोर्स अकादमीचा चॅड हेनिंग्ज 1987 मध्ये आउटलंड करंडकाचा मानकरी होता, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला, आक्रमण किंवा बचावफळीतला, सर्वोत्तम मधला लाइनमन. तरी 1988च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, डॅलस काउबॉईजने त्याला अकराव्या फेरीत घेतलं, कारण आठ वर्षं थांबायला कोण तयार होणार? तो ए-10 विमान चालवायला गेला आणि उत्तर इराकवर 45 उड्डाणं केली. सैन्यकपातीमुळे 1992 मध्ये लवकर सुटला आणि डॅलससोबत तीन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकला. अशी सुटका धरून बेत आखू नका. व्यावसायिक खेळासाठी सेवा पुढे ढकलण्याचे नियमही वारंवार बदलतात.

व्हिएतनाममध्ये फक्त बॉब कॅल्सू हाच व्यावसायिक फुटबॉलपटू मारला गेला, हे खरं का? – एक वाचक, पणजी

नाही, दोघे गेले आणि दोघेही लाइनमन. ओक्लाहोमाचा टॅकल कॅल्सू 1968 मध्ये बफेलो बिल्सकडून एक मोसम खेळला. कॉलेजात घेतलेल्या आरओटीसी (राखीव अधिकारी घडवणाऱ्या) प्रशिक्षणाच्या बंधनामुळे तोफखान्यात अधिकारी म्हणून गेला. 21 जुलै 1970 रोजी फायरबेस रिपकॉर्ड या तोफखान्याच्या तळावर मारला गेला. त्याआधी, जुलै 1967 मध्ये, वॉशिंग्टन स्टेटचा टॅकल डॉन स्टाइनब्रनर हवाई दलाचं विमान पाडलं गेल्याने मरण पावला होता. तो क्लीव्हलंड ब्राउन्सकडून 1953 मध्ये खेळला होता, पण तेव्हा खेळ सोडून बरीच वर्षं झाली होती, म्हणून त्याचं नाव मागे पडतं.